खंडेनवमीचे पट्टे

वायरी गेल्या, कीबोर्ड गेले, तरी खंडेनवमी राहिली. मनातलं आपापल्या कॉम्प्युटरवर उमटवणारे कपाळाचे पट्टे कचेरीने एकाच ताटात पुजले आणि हळदीकुंकवाखाली त्यांवरची नावं बुजली. साहेबांनी हाताला लागला तो पट्टा बांधला.

समोरच्या टेबलावरून शेवंता ढवळेने विचारलं, "साहेब, माझ्या बदलीचा अर्ज?"

"कधीच वर पाठवला, ढवळेबाई."

शेवंताच्या पडद्यावर उमटलं, 'अर्ज माझ्याच कपाटात आहे. ही गेली तर काम काय ही गाढवं करणार?'

गाढवं वाचायला जमली. साहेबांनी पट्ट्याला हात घातला.

"राहू द्या, साहेब. कपाटाची किल्ली कुठे ठेवलीय?"

"हरवली."

'खुर्चीच्या गादीखाली,' पडदा म्हणाला.

"उठा, साहेब."