केसांची नक्षी

आजारपणानंतर धाकटीचा हात थरथरू लागला आणि मातीच्या भांड्यांवर कुंचल्याने रेघ ओढणं अशक्य झालं. "आता छापील नक्षी चिकटवू," चाकावर भांडी घडवणारी थोरली जाऊ म्हणाली. "तू आराम कर." धाकटी ऐकते कसली! तिने ओल्या मातीवर दोरा गुंडाळून पाहिला, पानं दाबून पाहिली, कंगवा फिरवून पाहिला. मनासारखं काही उतरेना. आज थोरलीने भट्टीतून तापलेलं भांडं चिमट्याने बाहेर ठेवलं, तशी धाकटीने कात्रीने वेणी कापली आणि केस त्यावर सोडले. चर्रकन जळत, वळवळत प्रत्येक केसाने काळीभोर रेघ उमटवली. "अगं बये, वेणी!" थोरली किंचाळली. "केस वाढतील, जाऊबाई. हात बरा व्हायची वाट किती बघू?" थोरली भांड्याभोवती फिरली. अशी नक्षी तिने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. मग तिने अंबाडा सोडला. "पांढरे चालतील ना?"