ओलं आणि कोरडं

"शंभर ग्रॅम ग्रॅनोलात सात ग्रॅम फायबर. शंभर ग्रॅम उकडलेल्या रताळ्यात अडीच. संपला विषय!" धाकट्याने पाकीट टेबलावर आपटलं.

"एवढ्यात कुठे संपला? त्यात वरून ओतलेला मध कोण मोजणार, तुझे सासरे?" थोरली म्हणाली. "ओट्सवर मध आणि तेल ओतायचं, भाजायचं, चार बदाम टाकायचे आणि वर आरोग्याचं नाव द्यायचं. त्यापेक्षा माझं केशरी रताळं बरं. अ जीवनसत्त्व तुझ्या पाकिटात औषधालाही सापडणार नाही."

"आणि प्रोटीन? इकडे दहा ग्रॅम, तिकडे जेमतेम दीड. ताई, रताळं म्हणजे नुसतं गोड पाणी."

दोघांच्या मध्ये वडील बसले होते. त्यांच्यासमोर एका बाजूला दुधातला ग्रॅनोला होता, दुसऱ्या बाजूला सोललेलं रताळं. दोन्ही वाढले तसेच होते. बायको गेल्यापासून त्यांचं जेवण दोन घासांवर आलं होतं. तिसऱ्या घासाला ते ताट पुढे सरकवून देत. सदरा खुंटीला टांगल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. डॉक्टरांनी काल स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर दाखल करून घ्यायचं आणि नाकातून नळी घालायची. मुलं रजा काढून आली होती. येताना दोघांनीही आपापला उपाय बरोबर आणला होता.

वडिलांनी सगळी नोकरी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, शेवटी तिचे प्रमुख झाले. घरी ताटावर बसले तरी प्रयोगशाळा सुटत नसे. आमटीपासून आंब्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर व्याख्यान. मग समोरच्या खुर्चीतून आवाज यायचा, "अहो, तपासणी पुरे. जेवा आता." ती खुर्ची आता रिकामी होती. थांबवणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी बोलायला सुरुवात करणंच सोडून दिलं होतं.

"बरं रे बाबा," थोरली भावाकडे हात झटकत म्हणाली. "फायबर आणि प्रोटीन, दोन्हींत तुझा ग्रॅनोला पुढे. मान्य."

वडिलांनी मान वर केली.

"काय मान्य?"

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला.

"ओलं आणि कोरडं एका तागडीत घालतेस? रताळ्यात पाऊण भागाहून जास्त पाणी. ग्रॅनोला ठणठणीत कोरडा. आधी दोन्हींतलं पाणी वजा कर आणि मग तोंड उघड. फायबरमध्ये रताळं पार पुढे जाईल. सुट्टीत माझ्या प्रयोगशाळेत बाटल्या धूत होतीस तेव्हा पहिला धडा काय दिला होता?"

"आणि प्रोटीन?" धाकट्याने हळूच काडी टाकली.

"प्रोटीनमध्ये ग्रॅनोलाच वर राहील. तेलातही. पण हा हिशोबसुद्धा अर्धाच. पाणी काढून रताळं खातं कोण? सकाळी एक वाटी खाल्ली की पुन्हा भूक कधी लागते, ते बघायचं. पोटापेक्षा मोठी प्रयोगशाळा नाही."

"मग बघूनच टाकू. मी ग्रॅनोला खातो, ताई रताळं खाईल."

"वा! आणि दोघंही आपापल्या पदरात माप टाकून घेणार. चोरच न्यायाधीश! शिवाय दोन माणसं म्हणजे दोन पोटं. तुझं तर पोट नाही, विहीर आहे. माणूस एकच हवा. आज एक खायचं, उद्या दुसरं. आणि तो तुमच्यापैकी कुणाच्याच बाजूचा नको."

"असा माणूस आता आणायचा कुठून?" थोरलीने विचारलं.

वडिलांनी रताळ्याची ताटली पुढे ओढली.

पहिला घास बराच वेळ तोंडात घोळला. "जास्त शिजलंय," ते म्हणाले. दुसऱ्या घासाला उकडणं आणि भाजणं यांतला फरक निघाला. तिसऱ्याला स्टार्च. बोलता बोलता त्यांची नजर समोरच्या खुर्चीवर गेली. ते थांबले, कोणीतरी काही म्हणायची वाट पाहिल्यासारखे. "पुरे," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

मुलं ग्रॅनोलाची वाटी उचलून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला. पण धाकट्याला कुजबुजता कधीच येत नसे.

"चालली की गं तुझी चूक! मला वाटलं, ओळखतील."

"हळू बोल. उद्याचा ग्रॅनोला तर मिटला. परवा कशावर भांडायचं?"

"दूध आणि दही?"

"त्यात चूक काय करणार, डोंबल?"

वडिलांचा हात ताटलीवर थांबला. म्हणजे हे नाटक होतं. ती मुलगी आज स्वतः एका प्रयोगशाळेत कामाला होती. ओलं-कोरडं तिने झोपेतही एक केलं नसतं. हे आपल्याला आधीच कळायला हवं होतं. आपल्याला लहान पोरासारखं खेळवलं, अंगणातल्या चिऊकाऊच्या गोष्टी सांगून भरवतात तसं. त्यांची कानशिलं तापली. त्यांनी ताटली पुढे सरकवली, रोज सरकवत तशी, टेबलाच्या मध्यापर्यंत.

आत दोघं अजून कुजबुजत होती. दही बाद झालं होतं. आता गाजर आणि बीट चाललं होतं आणि त्यावरून दोघं खरोखरच भांडायला लागली होती.

ताटलीत अजून रताळं उरलं होतं. वडिलांनी ते बराच वेळ पाहिलं. मग ताटली परत ओढली, उरलेलं सगळं संपवलं, हात पुसले आणि प्रयोगशाळेत देत असत त्या खणखणीत आवाजात आत हाक दिली,

"परवाचा विषय मी देईन! तुम्हाला धड चूकसुद्धा करता येत नाही."