गिडियन कसं बुडालं

“तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही, पण गिडियन जहाज बुडालं तेव्हा सुकाणूवर मी होतो, मी!” ओबेड पेंगेलीनं बिअरचा मग टेबलावर आपटला. पोर्ट्समथ बंदरातला तो अख्खा गुत्ता खिदळला. म्हाताऱ्याच्या थापा म्हणजे फुकटचा तमाशा.

जावई तेवढा हसला नाही. जेथ्रोची कॅनव्हासची पिशवी पायाशी भरून तयार होती. उद्या त्याला समुद्रावर निघायचं होतं. ‘नका जाऊ’ म्हणून त्याची बायको टॅमसिन रडून थकली होती. जड पोट सांभाळत ती कोपऱ्यात बसली होती. आता तिच्या बापाची, ओबेडची पाळी.

“जहाजाचा नकाशा काढला कुणी? कप्तान लिडगार्डनं!” ओबेड जमिनीवर पसरलेल्या लाकडी भुशावर पचकन थुंकला. “वर्तमानपत्रांचा लाडका! जाणते म्हणाले, साहेब, एवढाले तोफांचे लोखंडी घुमट, वर चर्चच्या मनोऱ्याएवढी शिडं, हे आडवं होईल. साहेब म्हणतात, तुम्ही जळता माझ्यावर! कागदावर डेक पाण्यापासून पुरुषभर उंच. पाण्यात उतरवलं, तर बदकं मान वाकवून डेककडे बघायला लागली! स्वयंपाक्यानं मासे कधी विकत घेतले नाहीत. आपसूक कढईत यायचे.”

“आणि मीठ?” कुणीतरी ओरडलं.

“तेही समुद्रच घालायचा, गाढवा! मग बिस्केच्या उपसागरात वारा सुटला. साहेब मिशा पिळत म्हणतात, ‘शिडं राहू द्या, बघू दे जगाला!’ जहाज कललं. कललं ते उठलंच नाही. तळ वर, साहेब खाली. आणि पोरं आत. नुकती लग्नं झालेली पोरं. मी एकटा देवमाशाची शेपटी धरून परत आलो.”

पुन्हा हशा पिकला. ओबेड हसला नाही. तो जावयाकडे बघत होता.

“जावईबापू, असल्या डबड्यावर शहाणा माणूस पाय ठेवेल?”

जेथ्रो ताडकन उठला. त्यानं बाहीनं खिडकीच्या काचेवरची वाफ पुसली.

“पुरे करा थापा, मामा! बुडालं म्हणे! ते बघा तुमचं गिडियन, धक्क्याला नवंकोरं उभं आहे. बंदराबाहेर तरी पडलंय का ते अजून? उद्या पडेल, पहिल्यांदा. माझ्यासकट!”