दारालगतचं कपाट

"दारं काढू ना मग?" सुतारानं विचारलं.

ती हो म्हणाली आणि बाजूला झाली. बिजागऱ्या गंजल्या होत्या. एकेक स्क्रू करकरत निघाला. दोन्ही दारं भिंतीला टेकली तेव्हा बाहेरच्या दारालगतचं ते कपाट पहिल्यांदाच पुरतं उघडं पडलं. आत आईचा रेनकोट, छत्र्या, चपलांचे खोके आणि खिळ्याला अडकवलेली तिची बाजाराची पिशवी. आई हिवाळ्यात गेली. तेव्हापासून पिशवीला कुणी हात लावला नव्हता.

बाबा खुर्ची ओढून समोरच बसले होते. याच जागी, एका पायावर उभं राहून बूट घालताना, ते पडले होते. मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि भावाचा परदेशातून फोन आला.

"वृद्धाश्रम म्हटलं की अंगावर काटा आणू नकोस. चांगली जागा आहे, डॉक्टर हाताशी. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस."

"तू भावनेच्या भरात एकदा येऊन तर जा," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

त्यानंतर तिनं बिनपगारी रजा वाढवली आणि सुताराला बोलावलं. कपाटाच्या जागी बसून बूट घालायला बाक, उठताना धरायला दांडी, डोक्यावर दिवा, खाली न घसरणारी फरशी. दाराशी पडायचं कारणच उरलं नाही, तर बाबांना घरातून हलवायचंही कारण उरणार नव्हतं.

"त्यांना सांगा, बाक उंच करू," ती सुताराला म्हणाली. "गुडघे दुखतात त्यांचे."

"गुडघ्यांचं मी बघतो," बाबाही सुतारालाच म्हणाले. "बाकाखाली कप्पे करा. लहान लहान, पण भरपूर."

"बुटांचे दोनच जोड आहेत त्यांचे."

"म्हाताऱ्याला हौस नसते असं कुठं लिहिलंय का, विचारा तिला."

सुतारानं कानामागची पेन्सिल काढली. "मी काय टेलिफोन आहे का हो? समोरासमोर बसलाय, बोला की एकमेकांशी."

बाबा हसले. तिला तो आवाज जवळजवळ परका वाटला.

या घरात तशी रीतच होती. बापलेकीतलं सगळं आईमार्फत चालायचं. तिला सांग, गाडी सावकाश चालव. बाबांना विचार, गोळ्या घेतल्या का. एकाच टेबलाशी बसून दोघं आईला निरोप द्यायचे. आई गेली आणि निरोप थांबले. तेव्हापासून घरात भांड्यांचा आणि बाबांच्या रेडिओचाच काय तो आवाज होता.

दुसऱ्या दिवशी सुतारानं खुंट्यांसाठी खांद्याइतक्या उंचीवर रेघ मारली. बाबा उठले आणि काठीनं भिंतीवर कमरेच्याही खाली टोचलं.

"इथेही एक ओळ."

"एवढ्या खाली? टांगायचं काय, मांजर?" सुतारानं विचारलं.

"हात वर जात नाही माझा."

ती ओशाळली. प्लास्टर कधीच निघालं होतं, पण हात वर जात नाही हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

फरशीचे नमुने आले. तिनं पांढरट फरशी निवडली होती. बाबांनी करडी उचलली. "हिच्यावर चिखल दिसणार नाही."

"कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तर जातात," ती सुताराला म्हणाली. "चिखल कुठून आणणार?"

"येतो," बाबा म्हणाले. "घर म्हटलं की येतो."

तिनं वाद घातला नाही. आई गेल्यापासून ज्या माणसानं स्वतःचा सदराही निवडला नव्हता, तो आज फरशी निवडत होता.

"बाबा सावरताहेत," रात्री तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं.

"मग तू कधी येतेस?" त्यानं विचारलं.

"नाही येता येणार." तिनं आवाज खाली आणला. "ते आहेत तोवर तरी नाही. मला रडवू नकोस आता."

भिंतीपलीकडचा रेडिओ बंद झाला होता. कधी, ते तिला कळलं नाही.

सकाळी ती उठली तेव्हा खिळा रिकामा होता. बाबांनी पिशवी झटकून घडी घातली होती. रेनकोट त्यांनी सुतारापुढे धरला. "तुमच्याकडे कुणाला होत असेल तर न्या. चांगला आहे." ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

रविवारी काम संपलं. पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. तिच्या सांगण्यावरून बाबा बाकावर बसले, बूट घातले, दांडी धरली आणि कुणाचाही हात न घेता उभे राहिले. तिनं फोटो काढून भावाला पाठवला. खाली लिहिलं, "आता बोल."

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक तरुण जोडपं होतं आणि त्यांच्या दोन लहान मुली. पत्ता चुकला असेल, असं तिला वाटलं.

"या, या," बाबा म्हणाले. "वेळेवर आलात."

मुली थेट बाकावर चढल्या. त्यांच्या आईनं खुंट्यांवरून हात फिरवला. "काका, अगदी मी सांगितलं होतं तसंच करून घेतलंत हो!"

ती बाबांकडे बघत राहिली. बाबा त्या तरुणाकडे बघत होते.

"घराचा ताबा एक तारखेला घ्या," ते त्याला म्हणाले. "वृद्धाश्रमातली माझी खोली त्याच दिवशी मिळतेय. हिला तेवढं सांगा, रागावू नकोस. हिचा नवरा दुपारी हिला घरी न्यायला येतोय, बाकीचं तो सांगेल हिला."