एका दमात तीस

एका दमात तीसपर्यंत आकडे म्हणता आले तर छाती ठणठणीत. नाहीतर दगडखाणीतून कायमची सुट्टी. तपासणी उद्यावर आली होती आणि दगडफोड्याची गाडी बावीसच्या पुढे सरकत नव्हती.

"अहो, घाई करू नका," रोजच्यासारखे त्याचे धुळीने माखलेले कपडे दारात झटकता झटकता बायको म्हणाली.

"बोलायला काय जातंय? तूच म्हणून दाखव."

तिने हसत छाती भरून घेतली आणि सुरुवात केली. अकरावर थांबली, चौकटीला धरून.

"पुरे आता थट्टा."

"थट्टा नाही हो. हल्ली पाणी भरतानाही असंच होतं."

तो तिच्या केसांवर बसलेल्या पांढऱ्या धुळीकडे बघत राहिला. वीस वर्षांत तिने खाणीचं तोंडही पाहिलं नव्हतं.