विक्रांतचं झाड

सिक्वोयाची चाळीसेक रोपं त्या आडरानातल्या माळावर तरारून उभी होती. करपलं होतं ते एकच, नेमकं विक्रांतचं.

"तीन हजार वर्षं जगतं म्हणालीस ना गं हे झाड?" प्रल्हादरावांनी सुनेला विचारलं.

"यंदा पाऊसच नाही झाला, बाबा," वृंदा मान वर न करता म्हणाली. २०१८चा तो उन्हाळा आयर्लंडला खरंच कोरडा गेला होता.

"मग बाकीची कशी टवटवीत?"

विक्रांत गेल्यावर पोर्टलीशच्या हॉस्पिटलात बरोबर काम करणाऱ्या मित्रांनी त्याच्या नावानं हे रोप लावलं होतं. अस्थी डब्लिनच्या समुद्रात सोडल्या, असं वृंदानं सासू-सासऱ्यांना फोनवर सांगितलं होतं. सोडायला गेलीही होती बिचारी. पण पाण्यात हात घातला आणि तिला रडूच कोसळलं. इतकं गार पाणी, आणि नवऱ्याला थंडी मेली अजिबात सोसायची नाही. मग तिनं राखेचा तो कलश, सगळाच्या सगळा, इथे रोपाच्या बुडाशी रिकामा केला. तेवढंच खत होईल, तो झाड होऊन उभा राहील, असं वाटलं तिला. वेडी कुठली!

सासरे आता एकदा झाड बघतील, हळहळतील आणि सांगलीला परत जातील. आपलं खोटं तेवढं झाकलेलं राहू दे, एवढंच ती देवाकडे मागत होती.

पण प्रल्हादरावांची नोकरी सगळी सरकारी रोपवाटिकेत झालेली. ते गुडघे टेकून बसले, बोटांनी बुंध्याजवळ उकरू लागले. करडी माती वर आली. त्यांनी सवयीनं चिमूटभर उचलली आणि जिभेवर ठेवली. माती ते अशीच पारखायचे.

"बाबा, नको!" वृंदा किंचाळली.

"खारट आहे. अगं, ही राख! कुठल्या शहाण्यानं ओतली एवढी? माझ्या पोराचं झाड मारलं की!"

वृंदानं दोन्ही हात जोडले आणि ती तिथेच मातीत बसली.

प्रल्हादराव तिच्याकडे बघत राहिले. मग आपल्या बोटांकडे.

तिनं पाण्याची बाटली उघडून पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. ओठ घट्ट मिटले आणि तोंडात होतं ते गिळलं.