मागची चाकं

"आधी मागची चाकं उचल," कुंदाताई म्हणाल्या. "टेकलेली असताना चावी फिरवायची नाही."

रूपसिंगचा जीव खालीवर होत होता. आज संकष्टी. चिंतामणीला जाणारी माणसं एव्हाना कळंबच्या स्टँडवर उतरली असतील आणि त्याची ई-रिक्षा अंगणात उभी. मोटरला करंट पुरवणारा कंट्रोलर परवा जळला होता. नवा आणून तो स्वतःच बसवत होता. तेवढ्यात शेजारच्या कुंदाताई दूध घेऊन जाता जाता थांबल्या. आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरिंग शिकवलेली बाई. बघून पुढं जाणं त्यांना जमलं नाही.

हातातलं कडं त्यांनी आधीच उतरवायला लावलं होतं. बॅटरीची तार सोडवल्यावरही जुन्या कंट्रोलरला पाच मिनिटं हात लावू दिला नव्हता. "आत करंट साठून राहतो, बाबा." नव्याच्या तारा रंगाला रंग लावून जोडून झाल्या, बॅटरी सगळ्यात शेवटी. आता हे नवीनच.

"मॅडम, सारं तं बरोबर लागलं. कायले वेळ घालवता?"

"तू उचल."

तोंडातल्या तोंडात पुटपुटत त्यानं जॅक लावला, एक्सलखाली दोन ओंडके सारले. चाकं बोटभर अधांतरी झाली. कुंदाताई सीटखालच्या मेन स्विचवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्यानं चावी फिरवली. रेसला हातही लावला नव्हता, तोच मागची चाकं घूंऽऽ करून सुसाट सुटली. अख्खी रिक्षा थरथरली. कुंदाताईंनी खटकन स्विच पाडला.

चाकं थांबल्यावर त्या हँडलपाशी वाकल्या.

"ही बघ," त्यांनी हँडलखालची रेसची काळी तार दाखवली. जोडातून ती निसटली होती. "ही सुटली की कंट्रोलरला वाटतं, तू पूर्ण रेस दिलीस."

रूपसिंगचं लक्ष तारेकडं नव्हतं. रिक्षाच्या तोंडासमोर, चार हातांवर, त्याची बायको बसंतीबाई उन्हात पाठमोरी बसून तूर पाखडत होती.

त्यानं तार टक् आवाज येईस्तोवर दाबली, ओढून पाहिली. तीनदा चावी फिरवून, रेस देऊन, सोडून पाहिलं. मगच ओंडके काढले.

"मॅडम..." त्यानं नुसते हात जोडले.

"दूध नासेल माझं," म्हणत कुंदाताई लगबगीनं निघाल्या.

रूपसिंग बायकोसमोर जाऊन उभा राहिला.

"काहून असे पाहून राह्यले?" बसंतीबाईनं सूप थांबवलं. "झाली ना गाडी? मंग निघा. साऱ्या सवाऱ्या दुसऱ्याच्या गाडीत जातीन."

"जाऊ दे," तो म्हणाला आणि तिच्याजवळ उन्हात खाली बसला.